नारायणाचे बालगंधर्व झाले

मला दोन गोष्टींचे भारी वेड आहे. एक आकाशपाळणा आणि दुसरे संगीत नाटक. आकाशपाळणा आपल्या राजूरला येतो. मंगळवारी संकष्टी आली म्हणजे अंगारकी, आणि अंगारकीला आपल्या गणपतीच्या दर्शनाला केवढी गर्दी होते ते तुम्हाला सांगायला नको. जालन्याहून माणसे रात्रभर पायी चालत येतात. मग पाळणे, ब्रेकडान्स, लहान पोरांची झुकझुक गाडी, सगळं येतं. संगीत नाटक मात्र येत नाही. ते मी आमच्या आबांच्या मोबाइलवर ऐकते. आबा माझे आजोबा. हे वेड त्यांचेच आहे, त्यांनी ते मला लावले. पाळण्याचे वेड माझे मलाच लागले.

बाईंनी भित्तिपत्रकासाठी थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले तेव्हा वर्गातल्या पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज आणि सावित्रीबाई घेतल्या. मी बालगंधर्व घेतले. पोरं म्हणाली हे कोण बुवा? म्हणून सगळे नीट सांगते.

आधी संगीत नाटक म्हणजे काय ते सांगते. या नाटकात नट बोलता बोलता गायला लागतो. पुढे एका बाजूला पेटीवाला आणि तबलजी बसलेले असतात. सिनेमात गाणे दुसराच कुणी म्हणतो आणि नट नुसते तोंड हलवतो, तसे इथे चालत नाही. ज्याचे काम त्यानेच गायचे. नाटक सुरू व्हायच्या आधी सगळे मिळून देवाचे गाणे म्हणतात, त्याला नांदी म्हणतात. अण्णासाहेब किर्लोस्कर नावाच्या गृहस्थांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल नाटक केले आणि तेव्हापासून मराठी माणसाला या नाटकांचे वेड लागले. त्यांच्या कंपनीचे नाव किर्लोस्कर नाटक मंडळी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बालगंधर्व हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण घरात गाण्याची आवड होती. लहानपणी शिकायला म्हणून नारायणाला जळगावला नातेवाइकांकडे ठेवले होते. जळगाव म्हणजे आपल्याला काही फार लांब नाही, भोकरदन-सिल्लोड करून अजिंठ्याच्या घाटातून गेले की झाले. तिथे महबूबखाँ नावाच्या उस्तादांकडे तो गाणे शिकला. शाळेचा अभ्यास किती झाला कुणास ठाऊक, गाणे मात्र झाले.

नारायण दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले. लोकमान्य म्हणजे केवढे मोठे पुढारी, सरकार त्यांना भीत होते. त्यांनी एवढ्याशा पोराचे गाणे ऐकून त्याला बालगंधर्व म्हटले. गंधर्व म्हणजे स्वर्गातले गवई. तेव्हापासून तेच नाव पडले आणि म्हातारे झाले तरी ते बालगंधर्वच राहिले. मी पण आता दहा वर्षांचीच आहे. मला घरात सगळे बडबडी म्हणतात.

नारायणाला एक अडचण होती. त्याला एका कानाने नीट ऐकू येत नव्हते. गाणाऱ्याला ऐकू आले नाही तर सूर कसा लागणार? कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले होते. त्यांनी मिरजेच्या मिशन दवाखान्यात त्याच्या कानावर उपचार करवले. मग महाराजांनीच त्याला नाटकात जायचा रस्ता दाखवला. तेव्हा किर्लोस्कर मंडळीतले फार नावाजलेले गाणारे नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते, आणि कंपनीला तसा गळा कुठे सापडत नव्हता. १९०५ साली नारायण त्या कंपनीत गेला आणि मिरजेला पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला. काम कोणते, तर शकुंतलेचे! वय सतरा.

इथे आमच्या वर्गातली पोरं हसली. माणूस असून लुगडं नेसला म्हणून. पण त्या काळी चांगल्या घरच्या बायकांनी नाटकात काम करणे फार वाईट समजत. बायका तमाशात नाचत-गात, पण त्यांना लोक नावं ठेवत आणि तमाशाही बघत. नाटकात बाईचे काम पुरुषच करायचे. त्यांना स्त्रीपार्टी म्हणत. बालगंधर्वांच्या आधीही पुष्कळ जणांनी अशी कामे केली होती. पण यांच्यासारखे कुणाचेच झाले नाही.

मला एक गोष्ट काही केल्या कळत नाही. बाईचे काम बाईने केले तर तिला नावं ठेवायची, आणि तेच माणसाने केले तर टाळ्या वाजवून पुन्हा पुन्हा गा म्हणायचे, हे कसे काय? मी आबांना विचारले तर ते म्हणाले तेव्हाची रीतच तशी. आजीला विचारले तर ती म्हणाली आताही तशीच आहे.

असो. कंपनीत आल्यावर त्यांना भास्करबुवा बखले यांच्यासारखे गुरू मिळाले. भास्करबुवा मोठे गवई होते. नुसता गोड गळा असून भागत नाही, कुठे थांबायचे, कोणता शब्द कसा सोडायचा हे शिकावे लागते. आबा म्हणतात बालगंधर्व गायला लागले की गाणे आहे की बोलणे आहे ते कळतच नाही, इतका एक एक शब्द स्पष्ट. मी ऐकून पाहिले. खरे आहे ते. आमच्या जत्रेतल्या कर्ण्यातले गाणे केवढे मोठे असते पण शब्द एक कळत नाही.

आणि लक्षात घ्या, त्या वेळी माइक नव्हता. शेकडो माणसे बसलेली, मागच्या पिटातल्या स्वस्त तिकिटाच्या माणसालाही ऐकू गेले पाहिजे. नाटक रात्री सुरू व्हायचे ते पहाटेपर्यंत चालायचे. लोकांना गाणे आवडले की ते वन्समोअर म्हणून ओरडत, म्हणजे पुन्हा एकदा म्हणा. मग नट पुन्हा गाणार. एकाच गाण्याला चार-पाच वेळा वन्समोअर मिळत असे. मीसुद्धा पाळणा खाली आला की वन्समोअर म्हणते, पण पाळणेवाला वीस-तीस रुपये पुन्हा मागतो.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगायची आहे. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान हे नवीन नाटक कंपनीने बसवले. गाण्यांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या होत्या. १२ मार्चला मुंबईत पहिला प्रयोग ठरला. बालगंधर्वांना भामिनी या नायिकेचे काम होते. आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. खेळ रद्द करावा असेच सगळ्यांना वाटले असणार. पण लोक तिकिटे काढून आले होते, कंपनीचे एवढे पैसे गुंतले होते. त्यांनी रात्री तोंडाला रंग लावला, शालू नेसला आणि भामिनी होऊन हसले, रुसले, गायले. समोरच्या लोकांना त्यांनी दुःख दिसू दिले नाही. ते प्रेक्षकांना मायबाप मानत असत.

हे वाचून आई गप्प बसली. आमच्या बाईंना वाटते की हे फार थोर काम झाले. आईला वाटते की त्या मुलीच्या आईजवळ त्या रात्री त्यांनी असायला हवे होते. मला दोघींचेही खरे वाटते. नाटक मात्र फार गाजले.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी या कंपनीला आश्रय दिला. १९१६ साली स्वयंवर नाटक आले. त्यात ते रुक्मिणी झाले. या नाटकाच्या चाली त्यांच्या गुरूंनी, भास्करबुवांनीच दिल्या. आबांचे हे सगळ्यात आवडते. त्यातली पदे ऐकताना आबा डोळे मिटून बसतात आणि हात मांडीवर. तेव्हा त्यांना चहा नेऊन दिला तरी तो थंड होतो.

मग १९१९ साली एकच प्याला. हे राम गणेश गडकरी यांचे नाटक. बिचारे गडकरी हे नाटक रंगमंचावर पाहूच शकले नाहीत. जानेवारीत ते वारले आणि फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग झाला. यात सुधाकर नावाचा हुशार वकील असतो, त्याला दारूची सवय लागते आणि सगळ्या घराचा सत्यानाश होतो. सिंधू ही त्याची बायको. नेहमी भरजरी शालू नेसणारे बालगंधर्व या नाटकात फाटके लुगडे नेसून जात्यावर दळण दळत बसत. लोक हमसून हमसून रडत. हे नाटक आपल्या गावात करायला पाहिजे असे माझी मावशी म्हणते. का ते मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

बालगंधर्वांनी बाईचे काम असे केले की खऱ्या बायकाच त्यांच्यासारखे करायला लागल्या. ते लुगडे कसे नेसतात, अंबाडा कसा घालतात, दागिने कोणते घालतात, ते पाहून मोठ्या घरच्या बायका तसेच करत. हळदीकुंकवाला तशा नटून जात. आजीला हे सांगितले तेव्हा ती तोंडाला पदर लावून खूप हसली. एका माणसाने बायकांना लुगडे नेसायला शिकवले म्हणून.

त्यांना सगळे खरे आणि भारी लागत असे. खोटा शालू नको, खरा पाहिजे. रंगमंचावर मोठमोठे गालिचे पाहिजेत, नाटकगृहात अत्तराचा वास दरवळला पाहिजे. साथीला माणसे पण अशीतशी नव्हती. तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष. थिरकवाँ खाँसाहेब म्हणजे साऱ्या हिंदुस्थानातले नामांकित तबलजी. पेटीऐवजी पायाने भाता मारायचा मोठा ऑर्गन असे. कंपनीत नट, गवई, पडदे ओढणारे, स्वयंपाकी अशी पुष्कळ माणसे होती आणि सगळ्यांचे जेवणखाण कंपनीतच. गाव बदलले की हे सगळे बिऱ्हाड पेट्या-पडद्यांसकट रेल्वेने पुढे. जत्रेतला पाळणेवाला नाही का सगळे लोखंड ट्रकवर चढवून, बायको-लेकरांना घेऊन पुढच्या गावाला जातो, तसेच.

पण हिशेब काही त्यांना जमला नाही. पैसा येई तसा जाई. कंपनीला फार मोठे कर्ज झाले. लोकांनी सांगितले की कंपनी बंद करा. त्यांनी बंद केली नाही. प्रयोग करून करून ते कर्ज फेडले. आबा म्हणतात, आपल्याइकडे सावकाराचे कर्ज फेडणे म्हणजे काय असते ते शेतकऱ्याला विचारावे. आणि फेडल्यावर पुन्हा शालू आणि अत्तर सुरू. मला वाटते थोडा खर्च कमी करायला काय झालं होतं? पण मग ते बालगंधर्व राहिले नसते असे आबांचे म्हणणे.

१९२१ साली एक मोठी मौज झाली. तेव्हा केशवराव भोसले म्हणून कोल्हापूरचे दुसरे फार मोठे गाणारे नट होते. त्यांची कंपनी वेगळी, ललितकलादर्श. काही लोक बालगंधर्वांच्या बाजूचे, काही केशवरावांच्या. कोण भारी यावरून भांडणे. जसे आमच्या वर्गात क्रिकेटवरून होतात. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी वारले होते आणि त्यांच्या नावाने स्वराज्य फंड गोळा करायचे काम चालले होते. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांनी एकत्र मानापमान केले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तिकीट शंभर रुपयांपर्यंत होते, तरी जागा मिळेना. तेव्हाचे शंभर रुपये म्हणजे किती होत असतील! दोघांपैकी कुणी जिंकले-हरले नाही. पण त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने वारले. अवघे एकतीस वर्षांचे होते. ती जोडी पुन्हा कुणाला बघायला मिळाली नाही. मी जर त्या वेळी असते तर पाळण्याचे सगळे पैसे साठवून गेले असते. शंभर रुपये काही जमले नसते, पण बाहेर उभी राहून ऐकले असते.

पुढे बोलका सिनेमा आला आणि लोक तिकडे वळले. तिकीट स्वस्त, आणि दोन-तीन तासांत घरी. रात्रभर कोण जागणार? एकेक नाटक कंपनी बंद पडू लागली. गंधर्व मंडळीही अडचणीत आली. तेव्हा बालगंधर्व स्वतःच सिनेमात गेले. १९३५ साली प्रभात कंपनीचा धर्मात्मा नावाचा चित्रपट आला, व्ही. शांताराम यांनी तो काढला होता. त्यात बालगंधर्व कोण झाले माहीत आहे? आपल्या पैठणचे संत एकनाथ महाराज! जन्मभर बायकांची कामे केलेला माणूस नाथमहाराज झाला. नाथमहाराज सगळ्यांना सारखे मानत, जातपात पाळत नसत, त्याचीच ती गोष्ट आहे. आधी चित्रपटाचे नाव महात्मा होते. पण त्या नावावरून लोकांना महात्मा गांधी आठवतील म्हणून इंग्रज सरकारच्या सेन्सॉरने ते बदलायला लावले. आम्ही चौथीच्या सहलीला पैठणला गेलो होतो तेव्हा नाथांच्या वाड्यात मला एकदम हे आठवले. मी मैत्रिणीला सांगितले पण तिला बागेत जायची घाई झाली होती.

सिनेमात त्यांचे मन रमले नाही. तिथे समोर मायबाप नसतात, यंत्र असते. वन्समोअर कोण देणार? ते पुन्हा नाटकाकडे आले.

तोवर काळ थोडा बदलला होता. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या बायका रंगमंचावर गाऊ लागल्या होत्या. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी नावाच्या गायिका बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या आणि नायिकेची कामे करू लागल्या. गोहरबाईंना बालगंधर्वांची सगळी गायकी येत होती, रेकॉर्डी ऐकून ऐकून त्यांनी ती गळ्यात उतरवली होती. म्हणजे बघा, आधी माणूस बाई झाला, आणि त्याचे ऐकून खरी बाई शिकली. पुष्कळ लोकांना हे पटले नाही, त्यांनी गोहरबाईंना खूप बोल लावले. त्या शेवटपर्यंत बालगंधर्वांबरोबर राहिल्या आणि १९६४ साली वारल्या. मला गोहरबाईंबद्दल आणखी वाचायचे आहे. पुस्तकांत बालगंधर्वांवर पानेच्या पाने असतात आणि गोहरबाईंवर थोडेसेच.

म्हातारपणी बालगंधर्वांचे पाय अधू झाले. चालता येईना. ज्यांच्या चालण्याकडे लोक बघत राहत, त्यांना उचलून आणून बसवावे लागे. पैसा तर राहिलाच नव्हता. तरी ते बसून भजने गात. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले, १९६४ साली सरकारने पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते वारले.

पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे नाट्यगृह आहे, बालगंधर्व रंगमंदिर. त्याचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हातून झाले होते. ते उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. पण एक वर्षाने उशीर झाला. २०११ साली त्यांच्यावर बालगंधर्व नावाचा सिनेमा निघाला, त्यात सुबोध भावे यांनी त्यांचे काम केले. तो मी दोनदा पाहिला. २०२५ च्या जानेवारीत मानापमानावरचा सिनेमाही आला, तो पाहायचा राहिला आहे.

त्यांच्या रेकॉर्डी मात्र अजून आहेत. जुन्या तव्याची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. म्हणून जे गाणे ते नाटकात अर्धा अर्धा तास गात, ते तेवढ्यात कोंबून भरलेले आहे. खरखर होते, मधूनच आवाज लहान होतो. आबा म्हणतात हा समुद्राचा एक तांब्या आहे. आम्ही राजूरचे, समुद्र काही मी अजून पाहिलेला नाही.

बाईंनी यंदाच्या स्नेहसंमेलनात सुरुवातीला नांदी ठेवायची ठरवली आहे आणि मधे उभी राहून मी म्हणायची आहे. आबा रोज संध्याकाळी माझ्याकडून म्हणून घेतात. सूर चढला की ते डोळे मिटतात, उतरला की उघडतात. पोरीच्या जातीने गावासमोर उभं राहून गायचं का, यावर आजीने अजून हो म्हटलेलं नाही. पण काल मी म्हणत होते तेव्हा ती दळण निवडायची थांबली होती.